सात इंच आखूड

नऊडोक्या साहेबांच्या कारखान्यात कापडाला पहिली कात्री लावायचा मान एकाच बाईचा होता. तिला सगळे काकू म्हणत. कारखान्यातल्या चौदा शिवणाऱ्या बायका, कोपऱ्यातला इस्त्रीवाला, खाली दुकानात गिऱ्हाइकांपुढे गोड हसणारी पोरगी आणि खुद्द साहेब, सगळ्यांच्या त्या काकूच. साहेब रागावले की तेवढं ‘बाई’ म्हणत. त्यावरून बाकीच्यांना हवा कळायची आणि मशीनवरच्या माना खाली जायच्या.

‘नऊडोक्या’ हे नाव अर्थातच साहेबांच्या पाठीमागचं. माणसाची उंची त्याच्याच डोक्याने मोजली, म्हणजे टाळूपासून हनुवटीपर्यंतचं अंतर एकाखाली एक मांडत गेलं, की ती सात-साडेसात डोकी भरते. साहेबांच्या चित्रांतल्या बायका मात्र बरोब्बर नऊ डोकी उंच. वरचं दीड डोकं त्यांनी सगळंच्या सगळं पायांत घातलेलं. त्यामुळे चित्रातला गाऊन धबधब्यासारखा खाली यायचा आणि चित्र बघणारी चारचौघींसारखी बाई आपणही अशाच दिसू या आशेने ऑर्डर देऊन जायची.

“अशी बाई खरोखर आली ना,” टीपमावशी म्हणायची, “तर दारातून वाकून यावं लागेल. आणि वाकली की मोडेल.” टीपमावशी म्हणजे मशीनवरच्या बायकांतली सगळ्यांत जुनी. काकूंच्याच वयाची, आणि काकूंना अगं-तुगं करणारी तिथली एकुलती एक.

काकूंचं शास्त्र साधं होतं. चित्रावरून गळा घ्यायचा, बाही घ्यायची, चुण्यांची तऱ्हा घ्यायची. उंची म्हणून घ्यायची नाही. उंची मापाच्या चिठ्ठीवरून. सव्वीस वर्षं त्या असं बेतत आल्या होत्या, आणि त्यांनी बेतलेल्या कपड्यात जोड नसे. कापड कमी पडलं म्हणून कुठेतरी बगलेत, अस्तराखाली तुकडा लावून वेळ मारून नेणं हे सगळीकडे चालतं. काकूंच्या टेबलावर चालत नसे. टीपमावशी तयार कपडा उलटा करून जोड शोधायची, नेमाने, आणि सापडला नाही की “मेले, एकदा तरी चूक ना!” असं म्हणून परत सुलटा करायची.

बाहेरही काकूंची नजर स्वस्थ बसत नसे. रस्त्यातून जाताना पुढच्या माणसाचा खांदा अर्धा इंच उतरलेला दिसला की त्यांना तो मनातल्या मनात उसवून पुन्हा बसवल्याशिवाय पुढे जाता येत नसे. एकदा त्यांच्या मुलाने लग्न ठरलेली मुलगी घरी आणली, तर ती गेल्यावर काकू पहिलं वाक्य बोलल्या ते, “पोरगी गुणी आहे, पण तिची बाही कोणी लावलीय?”

लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. कापड पुन्हा बाजारात दिसायला लागलं होतं, आणि इतकी वर्षं काटकसरीचे कपडे घातलेल्या बायकांना आता घेर हवा होता. कंबर मुठीत मावेल एवढी आणि खाली घेर असा की दारातून जाताना शेजारच्याने सरकून उभं राहावं. साहेबांचे दिवस आले होते.

त्या सोमवारी साहेब जिना चढून वर आले ते स्वतःच चित्र घेऊन. एरवी चित्र खालून यायचं. शिवाय बगलेत कागदात गुंडाळलेलं कापड. त्यांनी ते काकूंच्या टेबलावर सोडलं आणि चौदा मशीन एकदम थांबली. जाड, जड रेशीम. ओल्या पाटीचा असतो ना, तसा रंग, आणि उजेडात धरलं की त्यात हिरवी झाक. लढाईच्या आधीचा माल. तो काढणारी गिरणीच आता उरली नव्हती.

चित्र शाईचं आणि वर पाण्याच्या रंगाचा एकच हात. एक बाई सरळ उभी. गळा खांद्यांपर्यंत आडवा, बाह्या कोपराच्या खाली, बारीक कंबर, आणि कमरेपासून चुण्याच चुण्या, जमिनीपर्यंत. मध्ये कुठे रेघ नाही, पट्टा नाही, फूल नाही. साहेबांचं इतकं शांत चित्र काकूंनी पाहिलं नव्हतं.

“कंबर चोवीस, छाती चौतीस,” साहेब म्हणाले. “बाकी चित्रात आहे.”

“आणि मापाची चिठ्ठी?”

“चिठ्ठी नाही. ती इथे नसते. गुरुवारी येईल. शनिवारी संध्याकाळी घालायचाय.”

“ती म्हणजे?”

“आहे एक,” असं म्हणून साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

ते खाली जातात न जातात तोच टीपमावशीने खुर्ची सरकवली. “आहे एक! ऐकलंत ना गं सगळ्यांनी? साहेबांची आहे एक! तरीच गेल्या महिन्यात दोन दिवस गायब होते.”

“साठीला टेकला माणूस,” कोणी म्हणालं.

“म्हणून तर कंबर चोवीस!”

हसण्याच्या त्या गलक्यात काकूही हसल्या, आणि त्यांनी मनाशी हिशेब केला तो असा: एरवीच नऊ डोकी काढणारा माणूस, त्यातून आता प्रेमात पडलेला. त्याच्या चित्रातल्या उंचीवर कोण शहाणी विश्वास ठेवील? चोवीस कमरेची बाई ती, चारचौघींएवढीच असणार. कमरेपासून जमिनीपर्यंत चाळीस इंच, दुमड वेगळी. एरवी असल्या कामाला त्या आधी मांजरपाटाचा कच्चा गाऊन करून बघत. पण वेळ कुठे होता? आणि खरं सांगायचं तर त्या रेशमापुढे, थांबलेल्या चौदा मशीनांपुढे, “आधी कच्चा करून बघते” असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. मंगळवारी सकाळी त्यांनी खडू मारला, श्वास धरला आणि कात्री घातली. कात्रीने रेशीम असं कापलं की आवाजसुद्धा झाला नाही.

बुधवारी सकाळी गाऊन कच्च्या टाक्यांवर पुतळ्याच्या अंगात चढला. काकू चुण्या सारख्या करत होत्या, आणि त्यांच्या मागे टीपमावशी चित्रावर पावाचा गर घासत बसली होती.

“काय गं करतेस?”

“डाग पडलाय बघ तुझ्या बाईच्या जबड्याखाली. माझाच हात लागला असेल मशीनच्या तेलाचा. साहेब बोंब मारतील. जाता जात नाही मेला.”

काकूंनी चित्र उजेडात नेलं. डावीकडे, जबड्याच्या खाली, नखाएवढा तपकिरी डाग. पण तेलाचा डाग कागदात पसरतो. याला कडा होती, आणि आत कुंचल्याचे तीन बारीक फटकारे होते.

“हा पडलेला नाही,” काकू म्हणाल्या. “हा काढलाय.”

“बाईला कोणी डाग काढतं होय?”

काकूंनी चित्र आणखी जवळ धरलं. त्या हात बघत होत्या. साहेबांना हात काढायचा भारी कंटाळा. त्यांच्या बायका एकतर हातमोजे घालत नाहीतर हात पाठीमागे लपवत. ही मोकळ्या हातांनी उभी होती. हात लांब, पेरं जाड, आणि डाव्या हाताची नखं पार मुळापर्यंत कापलेली. प्रेमात पडलेला माणूस डाग पुसतो. इथे तर बसून, बघून, मांडून ठेवला होता. ही बाई साहेबांच्या मनातली नव्हती. ही कुठेतरी होती.

काकूंनी खणातला कंपास काढला. त्याची टोकं डोक्याच्या मापाची करून त्या खाली मोजत गेल्या. एक. दोन. कंबर आली. चार, पाच. बोटाला घाम सुटला म्हणून त्यांनी तो पदराला पुसला. सात. आठ. आठाला जमीन आली.

नववं डोकं नव्हतंच. त्यांनी पुन्हा मोजलं. मग पाटीवर खडूने आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. चित्र खरं होतं. नऊ इंचांचं एक डोकं, अशी आठ; बाई खरीच सहा फूट उंच होती. तिच्या कमरेपासून जमीन सत्तेचाळीस इंचांवर होती, आणि पुतळ्यावरचा गाऊन चाळीस इंचांवर संपत होता.

काकूंनी टेबलाखालची कातरणं गोळा करून घडी घातली आणि खणात ठेवली. मग खण उघडून ती दुसऱ्या खणात ठेवली. दुमड सोडली तर दीड इंच मिळेल, साडेपाचाचं काय? त्या जिन्यापर्यंत गेल्या, काय आणायला निघालो होतो ते आठवेना, परत आल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. इस्त्रीवाला आपल्याच नादात शीळ घालत होता, ती त्यांना आपल्यावरच वाटली. दुपारच्या सुट्टीला अजून तासभर होता, तरी त्यांनी कात्री फडक्यात गुंडाळली आणि घरची वाट धरली.

घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला भिंग, समोर बशीत कोणाच्या तरी घड्याळाचा सगळा संसार.

“आज लवकर?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“भूक नाही.”

“भूक नसताना जेवायला लवकर आलीस, म्हणजे काहीतरी भलतंच कापलंस.”

काकू मटकन स्टुलावर बसल्या. “सात इंच आखूड, अहो.”

“कोण?”

“कोण काय! गाऊन!” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. डाग, हात, आठ डोकी. यजमानांनी भिंग काढलं.

“आमच्यात बरं असतं,” ते म्हणाले. “घड्याळ मागे पडलं की काटा पुढे करायचा.”

“कापडाला काटे नसतात. थट्टा सुचतेय तुम्हाला.”

“मग सांगून टाक साहेबांना.”

“सव्वीस वर्षांत एकदाही असं काही सांगायची पाळी आली नाही हो माझ्यावर!”

“मग सगळं साठलेलं एकदम सांग. आणि आधी दोन घास खा, रिकाम्या पोटी माणूस जास्तीचं कबूल करतो.”

दोन घास काही उतरले नाहीत. परत जाताना काकू रस्त्याने ओठ हलवत चालल्या होत्या. साहेबांवर ढकलायला जागा होती. चिठ्ठी दिली नाही कोणी? तुम्हीच ना? जन्मभर नऊ डोकी काढून एक दिवस आठ काढलीत, मला स्वप्न पडणार होतं? वाक्यं चोख होती. प्रत्येक कोपऱ्यावर त्या ती नव्याने घोळवत होत्या, आणि साहेबांच्या खोलीच्या दारात पोचल्या तेव्हा त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

“साहेब, मी गाऊन आखूड कापलाय. ती इतकी उंच असेल असं मी धरलं नाही.”

साहेब बराच वेळ हातातली पेन्सिल फिरवत राहिले.

“मुलगी आहे माझी,” ते म्हणाले. “तिची आई तिला घेऊन गेली तेव्हा पाच वर्षांची होती. व्हायोलिन वाजवते. शनिवारी इथल्या सभागृहात तिचं वादन आहे, तसं पत्र आलं. मी आधीच तिच्या गावी जाऊन आलो. सराव चालला होता, तीन तास कोपऱ्यात बसलो. मग तिच्या घरमालकिणीला गाठून कंबर नि छाती तेवढी विचारली. आणखी काय विचारणार?” त्यांनी आपल्या जबड्याखाली बोट टेकवलं. “जबड्याखाली घट्टा आहे ना, तो व्हायोलिनचा. काकू, आयुष्यात पहिल्यांदा मला काही वाढवावं लागलं नाही. दिसलं तसं उतरलं.”

काकूंना वाटलं, यापेक्षा ते ‘बाई’ म्हणून ओरडले असते तर बरं.

पण साहेब धंद्यात मुरलेले होते. त्यांनी नवा कागद ओढला आणि चार रेघांत तोच गाऊन पुन्हा काढला, पोटरीपर्यंतचा. “अजून पाच इंच कापून टाका. सात इंच आखूड म्हणजे चूक. बारा इंच आखूड म्हणजे फॅशन. कोणाला कळायचं नाही.”

झालं. सुटका. काकूंचं नाव राहिलं, साहेबांची रेघ राहिली. काकू वर आल्या, कात्री घेतली, पुतळ्यापुढे गुडघे टेकले, पाच इंचांवर खडूची खूण केली. आणि कात्री काही चालेना. त्यांनी धार बघितली, स्क्रू आवळला, सैल केला. शेवटी टीपमावशी म्हणाली, “कापतेस की ओवाळतेस?” तेव्हा त्या उठल्या. “उद्या ती आली की माप घेऊन कापते,” म्हणाल्या. बुधवारचा उरलेला दिवस त्यांनी टाचण्या निवडण्यात घालवला. वाकड्या एका डबीत, सरळ दुसऱ्या. मग सरळ डबीतल्या पुन्हा तपासल्या.

गुरुवारी दहाला ती आली. कारखान्याचं दार चांगलं उंच, तरी ती सवयीने वाकून आत आली. मशीन थांबली. साहेब तिच्या मागे, हात कुठे ठेवावेत हे न कळून, टोपी या हातातून त्या हातात.

काकूंनी तिचं तोंड नंतर पाहिलं. आधी कपडे पाहिले. राखाडी स्कर्ट, आणि त्याच्या खालच्या कडेला दोन जुन्या दुमडींच्या फिकट रेघा. एकदा सोडलेली, मग पुन्हा सोडलेली, आणि आता सोडायला काही उरलेलं नाही. ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत वळलेल्या. मनगटापर्यंत पोचत नसल्या की असं वळून टाकतात. मुद्दाम केल्यासारखं दिसतं. एका मुलीची सगळी वाढ काकूंना त्या दोन रेघांत वाचता आली.

त्यांनी कमरेला फीत लावली, खाली सोडली, वाकून बघितलं आणि आकडा मनातच ठेवला.

“बोला ना मोठ्याने,” मुलगी हसून म्हणाली. “मला सवय आहे, काकू. शाळेत मला शिडी म्हणायचे. वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की मात्र शिडीताई.”

“सत्तेचाळीस,” काकू म्हणाल्या.

साहेबांनी घाईघाईने नवं चित्र पुढे केलं. “असा आहे. पोटरीपर्यंत. सध्या हीच…”

“छान आहे!” ती इतक्या पटकन म्हणाली की टीपमावशीनेसुद्धा वर बघितलं. “आखूडच बरा. माझं सगळं आखूडच असतं. आई म्हणायची, तुझे कपडे तुला भेटायला निघतात आणि अर्ध्या वाटेत दमून बसतात.”

ती चित्र टेबलावर ठेवायला वळली, आणि तिथे टाचण्यांच्या डब्यांखालून पहिल्या चित्राची कड डोकावत होती. तिने ते ओढून घेतलं. बराच वेळ बघितलं. आपला हात कागदावरच्या हाताशेजारी ठेवला. मग बोट गाऊनवरून खाली नेत नेत जमिनीपर्यंत आणलं.

“ही मी आहे.”

साहेबांनी टोपीची कड चाचपली.

“मग हा लांबवाला कोणाला दिलात?” तिने विचारलं. रागाने नाही. दुकानात आवडलेली वस्तू विकली गेली का, हे विचारावं तसं.

काकूंनी फीत गळ्यात टाकली. “कोणाला नाही दिला,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अख्ख्या कारखान्यात ऐकू गेला. “हाच तो. मी कापताना चुकले. तू इतकी उंच असशील हे मला खरं वाटलं नाही, म्हणून आखूड कापला. आणि मी तो लांब करणार आहे.”

“बाई!” साहेब म्हणाले.

“कापड खाली कमी पडलंय, पण वाढवायचं वरून,” काकू न थांबता बोलत होत्या. थांबल्या असत्या तर पुन्हा धीर झाला नसता. “खालचा घेर पाच वार, तेवढं रेशीम जगात नाही. कमरेखाली नितंबांवर मात्र छत्तीस इंच पुरे. कातरणं जोडून तिथे सात इंचांचा पट्टा बसवते आणि चुण्या त्याच्या खाली सुरू करते. सगळा गाऊन सात इंच खाली सरकेल.”

“आणि तिथे सांधा दिसेल. सभागृहातल्या शेवटच्या रांगेला दिसेल. माझ्या चित्रात तिथे रेघ नाही, बाई!”

“तुमच्या चित्रात घोटेपण नाहीत, साहेब.”

इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली, नशीब. साहेब लाल झाले, मग त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी मुलीकडे पाहिलं.

“मला रेघ चालेल,” ती म्हणाली. पहिलं चित्र तिने अजून खाली ठेवलं नव्हतं.

शुक्रवारचं काय सांगावं! गाऊन कमरेतून उसवला. खणांतून कातरणं बाहेर आली आणि टेबलावर पसरली. त्रिकोणी, चिंचोळी, वेड्यावाकड्या कडांची. काकू ती फिरवून फिरवून लावत होत्या, फुटक्या फरशीला तुकडे जमवावेत तशा. सोळा तुकड्यांत पट्टा भरला, पण त्यातले तीन उभ्या धाग्यात बसेनात. आडवे लावावे लागले. रेशमाचा धागा फिरला की चमक फिरते. काकू नि टीपमावशी कितीही सफाईने शिवोत, दिव्याखाली ते तीन तुकडे वेगळे ओळखू येणार. त्या तीन तुकड्यांना कुठे लपवावं यासाठी काकूंनी पट्टा चारदा मांडला, चारदा मोडला. शेवटी एक डाव्या बाजूला आला, दोन पाठीमागे.

टीपमावशी मशीनवर बसली. दोन तुकडे टीप घालून जोडल्यावर ती म्हणाली, “सव्वीस वर्षं उलटं करकरून शोधत होते. आज सुलटाच दिसतोय.”

“बोल, बोल. तुझा दिवस आहे.”

“बोलतेच आहे.” तिने धागा तोडला, तुकडा उलटा केला, शिवण नखाने दाबली आणि जराशी खेकसून म्हणाली, “इथे अर्ध्या सुताने सरकलंय. उसव. करायचाच तर धड करू.”

साहेब तीनदा वर आले. दोनदा काही न बोलता गेले. तिसऱ्यांदा आडव्या धाग्याचा तुकडा बोटाने दाखवून म्हणाले, “हा चमकतोय.”

“चमकणारच,” काकू म्हणाल्या. साहेबांनी मान हलवली आणि या वेळी ते गेले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि टाचण्या हातात देत राहिले, वाकड्या आणि सरळ मिसळून.

शनिवारी दुपारी मुलगी पडद्यामागे गेली. काकू पडद्याबाहेर उभ्या होत्या, बसल्या, उठल्या. आतून नुसती सळसळ. मग पडदा सरला.

ती आरशाकडे गेली नाही. तिने खाली बघितलं. एक पाऊल पुढे टाकून पुन्हा बघितलं. बुटाचं नुसतं टोक दिसत होतं, ते मागे घेतल्यावर तेही नाही. ती तशीच मान खाली घालून उभी राहिली, आणि काकूंना उगाचच वाटलं की ती आता सरळ होईल आणि आधी पट्टाच बघेल. डाव्या बाजूचा तुकडा खिडकीच्या उजेडात स्वच्छ चकाकत होता. चौदाजणींनी तो पाहिला होता. काकूंना त्याच्याशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

“बाबांना खाली दाखवून येते,” ती म्हणाली. साहेब खाली दुकानात होते. वर यायचा धीर त्यांना झाला नव्हता. ती निघाली, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाय टाकला, पाय गाऊनच्या पुढच्या कडेवर पडला आणि ती पुढे झुकली. काकूंनी झेप घालून तिचा दंड धरला म्हणून बरं. कडेला कर्रर्र असा आवाज झाला, पण धागा टिकला.

“अगं, उचलून चालायचं असतं!” काकू धापा टाकत ओरडल्या. “लांब कपडा पायऱ्यांवर असा सोडून चालतात का?”

मुलगी भिंतीला टेकली. घाबरली होती, आणि हसतही होती. “कधी उचलायची वेळच आली नव्हती, काकू.”

आवाजाने साहेब जिन्याच्या तळाशी येऊन वर बघत उभे होते. काकूंनी तिला पुन्हा वरच्या पायरीवर नेलं.

“हं. चिमटीत धर. गुडघ्यासमोरचा भाग. मुठीत नाही, चुरगळेल. दोन बोटं आणि अंगठा.”

“आणि व्हायोलिन?”

“ते नि गज दोन्ही डाव्या हातात घे. उजवा हात गाऊनला. मंचावर पायऱ्या किती आहेत?”

“पाच.”

“इथे सतरा आहेत. चल.”

ती उतरली. साहेब एक पायरी मागे सरले. ती वळली आणि वर आली, मग पुन्हा उतरली. प्रत्येक वळणावर पट्टा उजेडात येत होता आणि काकूंचा हात आपोआप गळ्यातल्या फितीकडे जात होता, जणू अजूनही काही मोजून दुरुस्त करता येईल. तिसऱ्या फेरीला मुलीने खाली बघणं सोडलं. ताठ, मान वर, पुरती सहा फूट. दारातल्या आडव्या तुळईखालून जाताना ती वाकली नाही; तुळईला चार बोटं जागा शिल्लक होती.

“पुन्हा एकदा,” काकू वरून म्हणाल्या. “आणि या वेळी जरा सावकाश. तू पळतेस.”